व्हिसासाठीचा विमा आणि माणसासाठीचा विमा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येतो. "ग्रीसला चाललोय, ते सांतोरिनी वगैरे. व्हिसाला इन्शुरन्स लागतो म्हणे. सगळ्यात स्वस्त कुठला?" खरी गडबड या प्रश्नातच आहे. व्हिसाला लागतो म्हणून घ्यायचा, आणि घ्यायचाच आहे तर स्वस्तातला घ्यायचा. फोटो, बँक स्टेटमेंट, हॉटेलचं बुकिंग, तसाच फाइलीत लावायचा आणखी एक कागद.

माझं म्हणणं सरळ आहे. व्हिसासाठी लागणारा विमा आणि आपल्या माणसांसाठी लागणारा विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला कुठेही मिळतो. दुसरा निवडावा लागतो, आणि निवडता यावा इतकी माहिती आपल्याला आपल्या भाषेत, पैसे भरायच्या आधी कुणी देत नाही. हा फक्त एकेका घराचा प्रश्न नाही, म्हणून इथे लिहितोय. मी एजंट नाही आणि कुठल्या कंपनीचं नाव घेणार नाही. घरातले, शेजारचे लोक पॉलिसी वाचायला आणून देतात, त्यामुळे काही वाचून झाल्यात, एवढंच.

आधी व्हिसाचा नियम बघू. ग्रीस शेंगेन देशांपैकी एक. युरोपीय संघाच्या २००९ च्या व्हिसा संहितेत कलम १५ म्हणतं की प्रवाशाकडे किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. तो सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी चालला पाहिजे. तातडीचे उपचार, रुग्णालयातला खर्च, आजारपणात मायदेशी परत पाठवणं किंवा मृत्यू, एवढं त्यात आलं पाहिजे. बस. ३०,००० युरो म्हणजे आजच्या दराने ३० लाख रुपयांच्या आसपास. पाहुणा आजारी पडला तर त्यांच्या रुग्णालयाचं बिल बुडू नये, हा त्यामागचा उघड हिशोब. त्यांच्या बाजूने तो बरोबरच आहे. पण तुमची बोट सुटली नाही, सहल रद्द झाली, वडिलांच्या जुन्या आजाराने उचल खाल्ली, याच्याशी त्या कलमाला देणंघेणं नाही. व्हिसा मिळाला म्हणजे विमा चांगला आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता बेटाचं बघा. अथेन्समध्ये पोटात दुखलं तर टॅक्सी करून मोठ्या हॉस्पिटलात जाता येतं. सांतोरिनीवर हॉस्पिटल आहे, २०१६ पासून सुरू आहे. पण गंभीर रुग्णाला अथेन्सला किंवा क्रीटला हलवावं लागतं, हेलिकॉप्टरने, विमानाने नाहीतर बोटीने. लहान बेटांवर तर प्राथमिक आरोग्य केंद्र आणि एखादा डॉक्टर, एवढ्यावरच भागवतात. म्हणून पॉलिसी हातात आली की मी पहिला शब्द शोधतो तो 'वैद्यकीय स्थलांतर'. बेटावरून मोठ्या हॉस्पिटलपर्यंत नेण्याचा खर्च त्यात आहे का, की फक्त भारतात परत आणण्याचा आहे? तो मूळ रकमेतूनच वजा होतो की वेगळा आहे? आधी कुणाला फोन करून परवानगी घ्यावी लागते? या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी मिळत नसतील तर ती पॉलिसी बेटासाठी नाही.

दुसरी गोष्ट वारा. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा जोरदार वारा वाहतो. तो वाढला की बंदरातून बोटी सोडत नाहीत. दिवसच्या दिवस जातात. संपाचंही तेच. २८ फेब्रुवारी आणि ९ एप्रिल २०२५ ला ग्रीसमध्ये सार्वत्रिक संप झाले तेव्हा बोटी बंदरातच बांधलेल्या होत्या.

इथे युरोपचा एक कायदा आपल्यालाही लागू होतो, पासपोर्ट कुठलाही असो. २०१० चा समुद्रप्रवाशांच्या हक्कांचा नियम. बोट रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत किंवा पुढच्या बोटीत जागा, यातलं एक निवडायचा हक्क तुम्हाला आहे. गरज पडली तर हॉटेलचा खर्चही आहे, रात्रीला ८० युरोपर्यंत, जास्तीत जास्त तीन रात्री. पण बोट हवामानामुळे थांबली असेल तर हॉटेलची जबाबदारी कंपनीवर नाही. म्हणजे वाऱ्याने अडकलात तर खोलीचं भाडं तुमच्या खिशातून. ते विम्याने द्यावं असं वाटत असेल तर 'प्रवासास विलंब' या सदरात बोट धरली आहे का, ते बघावं लागेल. बऱ्याच पॉलिसींमध्ये फक्त विमान धरलेलं असतं. बोट चुकली म्हणून मुंबईचं विमान चुकलं, तर तेही सगळीकडे धरत नाहीत. यावर एक बिनपैशाचा उपाय सांगतो: परतीच्या आदली रात्र बेटावर काढू नका, अथेन्समध्ये काढा.

तिसरी गोष्ट आग आणि भूकंप. जुलै २०२३ मध्ये ऱ्होड्स बेटावर वणवा पेटला तेव्हा सुमारे १९,००० लोकांना हॉटेलं आणि गावं सोडायला लावली. पर्यटक बॅगा ओढत किनाऱ्याकडे चालल्याचे फोटो जगभर आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सांतोरिनीजवळ भूकंपांची मालिका चालू होती, शाळा बंद झाल्या, आणीबाणी जाहीर झाली आणि हजारो लोक बेट सोडून गेले. अशा वेळी लोक धावत जाऊन विमा घेतात. पण बातमी आल्यावर घेतलेल्या विम्यात त्या घटनेचा क्लेम सहसा बसत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर घर पेटल्यावर विहीर खणायची नाही. तिकीट काढाल त्याच आठवड्यात विमा घ्या, आणि सहल रद्द करण्याच्या सदरात नैसर्गिक आपत्ती लिहिली आहे का ते वाचा.

चौथी गोष्ट दुचाकी. बेटावर गल्लोगल्ली स्कूटर आणि चार चाकांच्या क्वाड बाइक भाड्याने मिळतात. आपली पोरं रोजची गाडीवर, त्यात काय विशेष! विशेष हे की आपल्या लायसन्ससोबत आरटीओतून घेतलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आणि त्यावर त्या गाडीचा प्रकार असावा लागतो. दुकानदाराने न विचारता किल्ली दिली म्हणून क्लेमवाला सोडत नाही. परवाना नाही, हेल्मेट नाही, थोडी घेतली होती, यातलं एक जरी निघालं तरी क्लेम अडकला म्हणून समजा. क्वाड बाइकला तर काही पॉलिसी साहसी खेळात टाकून मोकळ्या होतात.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. परदेशी सहलींच्या बसमध्ये डोकावून बघा, निम्मी मंडळी साठीच्या पुढची. आयुष्यभर काटकसर केली, मुलांची शिक्षणं-लग्नं झाली, आता जरा जग बघू म्हणून निघालेली. गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, शुगर आहे. आणि नेमकं हेच विम्याच्या बारीक अक्षरात बाहेर ठेवलेलं असतं. आधीपासूनचा आजार असेल तर जिवावर बेतल्यावरच पैसे, तेही ठरावीक मर्यादेपर्यंत. साठीच्या पुढे खोलीचं भाडं, सर्जनची फी, प्रत्येकाला वेगळी मर्यादा. वरती मोठ्या अक्षरात ५०,००० डॉलर, आणि आत एकेका आजाराला त्यातला लहानसा तुकडा.

माझ्या मावशीचंच उदाहरण. वय ६८, बीपी आणि शुगर दोन्ही. टूरच्या ऑफिसातल्या मुलाने फॉर्मवर आजारांच्या रकान्यात परस्पर 'नाही' लिहून टाकलं होतं. का, तर "काकू, उगाच प्रीमियम वाढतो, व्हिसाला काही फरक पडत नाही." तो मुलगा खोटं बोलत नव्हता, व्हिसाला खरंच फरक पडत नाही. पण मावशी तिकडे चक्कर येऊन पडली असती तर डॉक्टरांनी जुन्या गोळ्या विचारल्या असत्या, ते कागदावर आलं असतं आणि कंपनीने माहिती लपवली म्हणून हात वर केले असते. आम्ही फॉर्म परत मागवला, खरं लिहिलं, जुना आजार धरणारी दुसरी पॉलिसी घेतली. पैसे जास्त लागले. पहिल्या पॉलिसीत, गंमत म्हणजे, गोल्फ खेळताना एका फटक्यात चेंडू खळग्यात गेला तर बक्षीस होतं! मावशीच्या शुगरसाठी मात्र जागा नव्हती.

लोक म्हणतात, इतक्या जणांचं काही होत नाही, कशाला घाबरवता? बरोबर आहे, बहुतेकांचं काही होत नाही. पण विमा बहुतेकांसाठी नसतोच. आणि चांगल्या-वाईट पॉलिसीतला फरक सांतोरिनीतल्या समुद्र दिसणाऱ्या खोलीच्या एका रात्रीच्या भाड्याहून सहसा कमीच भरतो. ती खोली निवडताना आपण चाळीस फोटो बघतो, शंभर रिव्ह्यू वाचतो.

मग दोष वाचत नाही त्या प्रवाशाचा? थोडा आहेच. पण वीस-पंचवीस पानी इंग्रजी, तीही वकिली, आणि हातात पडते विमानतळावर तिकिटासोबत. हे कोण वाचणार? विमा नियामकाने आरोग्य विम्यासाठी १ जानेवारी २०२४ पासून सोप्या भाषेतलं ग्राहक माहितीपत्रक सक्तीचं केलंय. ग्राहकाने मागितलं तर ते स्थानिक भाषेत द्यायचं आहे. आपल्या विमा कायद्याच्या व्याख्येत प्रवासविमा आरोग्य विमा व्यवसायातच मोडतो. मग मराठीतलं पत्रक मागायला लाजायचं कशाला? मागणारे वाढले तरच छापणारे छापतील.

टूरवाल्यांकडून माझी एकच अपेक्षा आहे. विम्याची पॉलिसी बुकिंगच्या वेळी दाखवा, ॲडव्हान्स घ्यायच्या आधी. साठीच्या पुढच्या माणसाला त्याच्या मर्यादा वेगळ्या कागदावर लिहून द्या. लाखोंची सहल विकताना एवढं करता येतं.

शेवटी कामाचं थोडं. पॉलिसीचा नंबर आणि मदतीचा फोन घरातल्या दोघांकडे ठेवा. गोळ्यांची नावं घटकाच्या नावासकट डॉक्टरांकडून लिहून घ्या. तिकडे तातडीचा नंबर ११२, अँब्युलन्सचा १६६. बिलं, डॉक्टरचा कागद, बोट रद्द झाल्याचा मेसेज, सगळ्याचे फोटो काढा. परत आल्यावर क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं. फक्त कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं.

कुणाच्या आई-बाबांचं ग्रीसचं बुकिंग झालं असेल तर आज संध्याकाळी त्यांचा फॉर्म मागवून घ्या आणि आजारांच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.