दिवाळी काही अचानक येत नाही!

‘तुमचं पार्सल भिवंडीला पोहोचलं आहे.’

सणाच्या सेलमध्ये तुम्ही कधी काही मागवलं असेल, तर ही ओळ तुमच्या ओळखीची असणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रॅक करावं तर पार्सल भिवंडीतच. तिसऱ्या दिवशीही भिवंडीतच. भाऊबीज तोंडावर आलेली आणि भावासाठी मागवलेले शूज कुठल्याशा गोदामात बसून! मग आपण काय करतो? कस्टमर केअरला फोन लावतो, अ‍ॅपला एक स्टार देतो आणि शेवटी जो मुलगा धापा टाकत चौथ्या मजल्यावर पार्सल घेऊन येतो, त्याच्यावरच चिडतो. ‘किती उशीर, दादा!’

मीही हेच करायचे. पण गेल्या दिवाळीआधी माझ्या वर्गातला एक मित्र महिनाभर भिवंडीतल्या एका गोदामात सॉर्टिंगच्या कामाला गेला. फीचे पैसे जमवायचे होते. परत आल्यावर त्याने जे सांगितलं, त्यानंतर ती ट्रॅकिंगची ओळ मला वेगळीच दिसायला लागली. शिफ्ट नावाला नऊ तासांची. पण बाहेर गाड्यांची रांग लागली की कसले नऊ तास! रात्री अडीचला सुटल्यावर घरी जायला काही मिळायचं नाही, म्हणून गोदामाबाहेरच्या चहाच्या टपरीवर पहाट होईपर्यंत बसून राहायचं. ‘तुझं पार्सल तीन दिवस भिवंडीत होतं ना, मीपण तिथेच होतो,’ तो हसत म्हणाला. मला काही हसू आलं नाही.

भिवंडीत नेमकं अडकतं काय?

भिवंडीच का, याचं उत्तर जुनं आहे. मुंबईत माल नेला की जकात भरावी लागायची. म्हणून व्यापाऱ्यांनी मुंबईच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या जवळ गोदामं बांधली. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं राहिली, उलट वाढलीच. मुंबई-नाशिक महामार्ग हाताशी, न्हावाशेवा बंदर फार लांब नाही आणि गिऱ्हाईक शेजारी. त्यामुळे सुरतची साडी असो की तिरुपूरचा टी-शर्ट, मुंबई-ठाण्याकडे येताना तो बऱ्याचदा इथल्या गोदामांतून फिरूनच येतो.

आता एक साधं गणित करू. समजा, एका गोदामात तासाला १००० पार्सलं वेगळी करून पुढे पाठवता येतात. एरवी तासाला ८०० येतात, तोवर सगळं सुरळीत. सेल सुरू झाला आणि १२०० यायला लागली. म्हणजे तासाला २०० मागे राहिली. दहा तासांत २०००. वाईट गोष्ट पुढेच आहे. आतली जागा भरली की नवीन ट्रक रिकामा करता येत नाही. तो बाहेर उभा राहतो. उभा ट्रक म्हणजे पुढच्या फेरीला नसलेला ट्रक. म्हणजे ज्या दिवसांत गाड्या सगळ्यात जास्त लागतात, त्याच दिवसांत निम्मा वेळ त्या रांगेत जातात. मग जास्त भाडं देऊन आणखी गाड्या मागवायच्या, त्या येऊन त्याच रांगेत उभ्या!

त्यात सणाचा माल येतो एका दिशेने. शहराकडे येताना गाडी खचाखच भरलेली, परतीला भाडं मिळेलच याची खात्री नाही. रिकामी गाडी परत नेण्याचं डिझेल कोणाच्या तरी खिशातून जातंच. शिवाय ट्रक नेहमी वजनाने भरत नाही, खोक्यांनी भरतो. एका चार्जरसाठी बुटाएवढा बॉक्स आला की आपण रील बनवतो. पण तसे हजार बॉक्स म्हणजे निम्मा ट्रक हवा वाहून नेतोय.

धक्का कोणाला बसतो?

सेलच्या दिवसांत कंपनीला धंदा मिळतो, आपल्याला सवलत मिळते. मग ही सगळी ओढाताण जाते कुठे? ती उतरत उतरत खाली जाते. कंपनी वाहतूकदाराला वेळ बांधून देते, वाहतूकदार ड्रायव्हरला, हबचा सुपरवायझर सॉर्टिंगवाल्या पोरांना आणि अ‍ॅप डिलिव्हरीवाल्याला. त्याच्या खाली कोणीच नसतं. म्हणून शेवटी तो सिग्नल तोडतो, जेवण सोडतो.

मोटार वाहतूक कामगारांनी दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासच काम करावं, असं आपल्याकडच्या कायद्यात १९६१ मध्येच लिहिलं गेलं. सेलच्या आठवड्यात रात्री महामार्गावर झोप उडवायला तोंडावर पाणी मारणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरकाकांना हे सांगून बघा!

‘मग काय झालं? पोरांना काम तर मिळतं ना?’ असं तुम्ही म्हणाल. मित्रालाही मी हेच विचारलं. तो म्हणाला, ‘काम हवंच होतं. पण किती वाजता सुटणार आणि जादा तासांचे पैसे मिळणार की नाही, एवढं तरी आधी कळायला हवं होतं.’ मागणं एवढंच आहे.

आणि हे महाराष्ट्राला अशक्य आहे, असं कोणी म्हणू नये. माल आला तर काम, नाही आला तर दिवसभर हात रिकामे, मालक रोज वेगळा, ही हमालांची अवस्था होती. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये राज्यात माथाडी कायदा झाला. मंडळं आली, कामगार आणि मालक दोघांची नोंदणी सुरू झाली. मालक मजुरीसोबत लेव्ही मंडळाकडे भरतो आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, सुट्टीचे पैसे वगैरे मिळतात. काम कमी-जास्त होणारच, पण त्याचा भार एकट्या हमालाच्या पाठीवर टाकायचा नाही, हे आपण पन्नास वर्षांपूर्वीच ठरवलंय. बारकोड स्कॅनर हातात आला म्हणून ते विसरायचं का?

आज्जीचं लॉजिस्टिक्स

मला सगळ्यात गंमत वाटते ती ही, की सणाच्या गर्दीवरचा उपाय आपल्या घरात आधीपासून आहे. त्याला आज्जी ‘बेगमी’ म्हणते. पावसाळ्यात ऊन नसणार, म्हणून पापड-कुरडया उन्हाळ्यातच. कोकणात तर मिरगाच्या आधी सुकी मासळी, मीठ, मसाला, लाकूडफाटा सगळं घरात. कारण पावसाळ्यात समुद्र खवळला की किनाऱ्याच्या बोटी बंद व्हायच्या आणि माल यायची वाटच बंद व्हायची. जे येणार ते कॅलेंडरवर दिसतंय, मग तयारी आधीच करायची, एवढं ते साधं आहे.

आजही तेच चालतं. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर काही दिवस अवजड वाहनांना बंदी असते. दूध, इंधन, औषधं अशा गरजेच्या गोष्टींना सूट असते, बाकीचे मोठे ट्रक थांबतात. कोकणातला दुकानदार म्हणून रडत बसत नाही, तो माल आधीच भरून ठेवतो. अमेरिकेत मुलगा असलेली आई नवरात्र संपतं न संपतं तोच चकल्या-चिवड्याचा डबा कुरिअरवाल्याकडे देऊन मोकळी होते. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री ती ‘उद्या पोहोचेल ना?’ म्हणून विचारत नाही.

आपणसुद्धा स्वतःच्या प्रवासाला हेच करतो की! १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. गणपतीला गावी जायचं म्हणून बरोबर साठ दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला आपण फोन घेऊन बसतो. गावी जायला दोन महिन्यांची तयारी आणि कुर्ता मात्र उद्याच हवा!

मग आपण काय करायचं?

सेलमधून काही घेऊच नका, असं मी सांगणार नाही. मी स्वतः घेणार आहे. पण भाऊबीजेची तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते. तेव्हा गिफ्ट तीन आठवडे आधी ठरवा. चार दिवसांत चार ऑर्डरी टाकण्यापेक्षा एकदाच टाका, चार खोक्यांचं एक होईल. काही अ‍ॅप्सवर सावकाश डिलिव्हरी निवडायची सोय असते, घाई नसेल तर ती निवडा. कॅश ऑन डिलिव्हरी मागवून दारात ‘नको’ म्हणू नका, कारण ते पार्सल त्याच रांगेतून उलटं परत जातं. मैत्रिणीच्या लग्नाला एकदा घालून ड्रेस रिटर्न करणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे!

‘आम्ही चार पोरांनी थांबून काय होणार?’ हा प्रश्न रास्त आहे. वरचं गणित पुन्हा बघा. हजाराची क्षमता असलेल्या ठिकाणी ८०० आले की सुरळीत, १२०० आले की चक्काजाम. गर्दीच्या दिवसातले दोनशे जरी आठवडाभर आधी सरकले, तरी रांग लागतच नाही. सगळ्यांनी बदलायची गरज नाही, थोड्यांनी बदललं तरी पुरतं.

मोठी जबाबदारी अर्थातच कंपन्यांची आहे. ‘फक्त आज रात्री बारापर्यंत’ म्हणत सगळा देश एकाच वेळी खरेदीला लावायचा आणि मग ‘सणामुळे उशीर’ असा मेसेज पाठवायचा, हे काही खरं नाही. लवकर ऑर्डर देणाऱ्याला आणि उशिरा डिलिव्हरी चालणाऱ्याला जास्त सवलत द्या ना! रांगेत थांबलेल्या ड्रायव्हरला थांबल्याचे पैसे द्या. रात्री सुटणाऱ्या पोरांना घरी सोडायला गाडी ठेवा.

आणि यंदा सुट्टीत तुमच्यापैकी कोणी गोदामात कामाला जाणार असेल, तर पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारा, आणि जमलं तर लेखी घ्या: शिफ्ट किती तासांची, जादा तासांचा दर काय आणि रात्री घरी जायची सोय काय. विचारायला लाजू नका.

माझा मित्र यंदाही जाणार आहे. मी भावाचं गिफ्ट आधीच मागवलंय, सावकाश डिलिव्हरीने. यंदा भिवंडीत तीन दिवस थांबलं तरी चालेल.