व्हॉल्व्हचा नाद

जळगांव-धुळ्याकडील कित्येक घरांच्या माळ्यावर जुना व्हॉल्व्हचा रेडिओ धूळ खात असतो. तो भंगारांत घालूं नये, असें आम्ही सुचवितों. पूर्वीच्या फिलिप्स रेडिओंत पुष्कळदां असणारा 'ईएल ८४' व्हॉल्व्हच विलायती 'व्हॉक्स एसी ३०' या गिटारच्या ध्वनिवर्धकांत चार-चार असे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेंही तो बनविला. त्याचा स्वर झणझणीत. १९३६ सालीं निघालेल्या अमेरिकन '६ एल ६' चा स्वर भरदार व निर्मळ मानितात.

तथापि जपाकुसुमाशेजारील स्फटिकाचा तांबडेपणा जसा स्फटिकाचा नव्हे, तसा हा रंगही एकट्या व्हॉल्व्हचा नव्हे. ट्रान्स्फॉर्मर व कर्णा यांचाही त्यांत वांटा असतो. म्हणून यंत्र सबंध राखावें. मात्र बंद केल्यावरही त्याच्या पोटांत प्राणघातक वीज दडून राहूं शकते. तें उघडणें जाणत्या कारागिराकडेच सोंपवावें.