बरे वाटू लागल्यावरच्या गोळ्या

महाड-पोलादपूरच्या वाड्यांमधून मुंबईला गेलेला तरुण कधीकधी अवेळी गावी येतो. गणपती नाहीत, शिमगा नाही. मुंबईत त्याची झोप उडालेली असते, कानात आवाज येत असतात, शेजारी पाळत ठेवून आहेत अशी खात्री झालेली असते. सरकारी रुग्णालयात सायकोसिसचे निदान होते, गोळ्या सुरू होतात, काही आठवड्यांत आवाज विरतात. मग ‘हवापालट होईल’ म्हणून त्याला घरी आणतात. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत केसपेपर आणि महिनाभराच्या गोळ्या. गोळ्या संपतात, पोरगा ठीक असतो. घरात कोणीतरी म्हणते, ‘आता बरा आहे, तर गोळ्या कशाला?’

आजार उलटतो तो बहुधा इथून पुढे. हाँगकाँगमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. पहिल्या झटक्यातून सावरलेल्या, किमान वर्षभर औषध घेतलेल्या १७८ जणांपैकी काहींना औषध चालू ठेवले, इतरांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. वर्षभरात पहिल्या गटात ४१ टक्क्यांचा, तर दुसऱ्यात ७९ टक्क्यांचा आजार उलटला. म्हणजे गोळी हे अभेद्य कवच नव्हे. पण ती सुटली की धोका जवळजवळ दुप्पट. प्रत्येकाला जन्मभर औषध लागते असेही नाही. मात्र मात्रा कधी आणि किती कमी करायची हे डॉक्टरांनी ठरवावे, संपलेल्या पाकिटाने नव्हे.

घरच्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण या औषधांनी काहींचे वजन वाढते, अंगात सुस्ती राहते. भातलावणीला चिखलात उभे राहवत नाही. सोयरिकीचे बोलणे सुरू झाले की गोळ्या कपाटात मागे सरकतात. देवऋषीच्या अंगाऱ्याने गोळीचा गुण जात नाही; त्याने गोळी बंद करायला सांगितले की घात होतो.

त्यात अंतर. जिल्हा रुग्णालय अलिबागला, प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे आणि रत्नागिरीला. एका चकरेत दिवस जातो, एसटीचे भाडे जाते आणि सोबत येणाऱ्याचा खाडा होतो. जुलै २०२१ च्या पुरासारखा प्रसंग आला तर तीही वाट बंद.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने याचे उत्तर लिहून ठेवले आहे. अत्यावश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधे सरकारी सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व ठिकाणी मोफत आणि कायम मिळाली पाहिजेत. आपल्याकडे त्या पातळीवर ग्रामीण रुग्णालय येते. तेव्हा पोलादपूरच्या माणसाला पुढच्या महिन्याच्या गोळ्यांसाठी पोलादपूरच्या पुढे जावे लागू नये. रोज गोळी नको असणाऱ्याला दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शनही असते. तज्ज्ञाने ठरवून दिल्यावर ते तिथली परिचारिका देऊ शकते. क्षयरोग्याचा डोस चुकला की आशाताई दारात येतात. सायकोसिसच्या रुग्णाकडे तसे कोणी फिरकत नाही, आणि आमच्या मते खरी उणीव हीच आहे.

आजार सहसा एका रात्रीत उलटत नाही. झोप कमी होते, माणूस जेवणाच्या ताटावर संशय घेऊ लागतो, एकटाच पुटपुटतो. असे दिसले की पुढच्या तारखेची वाट पाहू नये. रात्री-अपरात्री डॉक्टर गाठता आला नाही, तर १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’च्या समुपदेशकाशी मराठीत, विनामूल्य बोलता येते.