सही

गेली वीस वर्षे मी पहाटे पर्वती चढतो. यंदा चैत्रात अर्ध्या पायऱ्यांवर छातीत आवळल्यासारखे झाले. बसलो की थांबे, चढू लागलो की पुन्हा येई. “अपचन असेल,” मी म्हणालो. “अपचन पायऱ्या मोजत नाही,” ही म्हणाली आणि मला इस्पितळात घेऊन गेली.

अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या चिंचोळ्या निघाल्या. मी आत टेबलावर असतानाच बाहेर हिच्यापुढे कागद आला. “लगेच स्टेंट घालू, सही करा.” मेहुणे म्हणाले, “करून टाक, ताई.” चिरंजीवही तेच म्हणाले. हिने विचारले, “आज घातला नाही, तर आज काही होईल का?” नीट उत्तर मिळेना. हिने पेन खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी सगळे कागद घेऊन आम्ही आमच्या ओळखीच्या हृदयतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, “झटका आला असता, तर मीच म्हणालो असतो, क्षणभर थांबू नका. तुमचे दुखणे श्रमाने येते, विश्रांतीने जाते. अशा ५१७९ रोग्यांची ‘इस्केमिया’ नावाची पाहणी २०१९ साली जाहीर झाली. निम्म्यांना औषधांबरोबर लवकर स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी नुसती औषधे. तीनेक वर्षांत मृत्यूंच्या संख्येत फरक दिसला नाही. छातीदुखी मात्र पहिल्या गटात अधिक कमी झाली. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असलेले रोगी त्यात नव्हते. त्यांची गोष्ट वेगळी. तुम्हाला तो नाही.”

“म्हणजे स्टेंट कशासाठी?”

“दुखणे कमी व्हावे म्हणून. औषधांनी भागले नाही, तर जरूर घालू. औषधे मात्र दोन्हीकडे चुकत नाहीत.”

आम्ही औषधांचा रस्ता धरला. ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, नाडी मंदावणारी गोळी, आणि खिशात जिभेखाली ठेवायची गोळी. तंबाखू सुटली. बसल्या जागी दुखले किंवा दुखणे थांबेना झाले, तर तडक इस्पितळ गाठायचे, हे घरात सर्वांना पाठ आहे.

डॉक्टरांच्या परवानगीने परवा वसुबारसेला पर्वती चढलो. वाटेत दोनदा बसून, पण दुखल्यावाचून. उतरताना हिला विचारले, “सही केली नाहीस, त्या रात्री झोप लागली का गं?”

“कुठली? रात्रभर तुमचा श्वास मोजत होते,” ही म्हणाली.