संगणकाचा कूलर आणि आमचा उन्हाळा

आमच्या भागात कूलर म्हटले की वाळ्याचे पडदे, पाण्याची टाकी आणि घरघरणारा पंखा डोळ्यांपुढे येतो. संगणकाच्या प्रोसेसरवर जे बसवतात त्यासही लोक कूलरच म्हणतात, आणि या नामसादृश्याने बराच घोटाळा केला आहे. घरचा कूलर हवा गार करतो. संगणकातील कूलर प्रोसेसरची उष्णता उचलून खोलीतील हवेच्या स्वाधीन करतो, एवढेच. चोवीस अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर सत्तर अंशांवर राहतो, तो चाळीस अंशांच्या खोलीत त्याच कामासाठी पंचाऐंशीच्या पुढे जाणार. कोहिनूरपासून कलबुर्गीपर्यंत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे कोणास सांगावयास हवे?

सुटे भाग आणून स्वतः संगणक जुळवण्याची हौस हल्ली आमच्या विद्यार्थ्यांत दिसू लागली आहे. तिला नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. परंतु तुरीचे पैसे हाती आल्यावर वडील मुलाला घेऊन दुकानात जातात, तेव्हा प्रथम चौकशी होते ती कूलर किती मोठा आणि त्यात दिवे किती रंगांचे, याची. पेटीच्या पुढच्या बाजूस काचच असेल तर वारा आत शिरणार कोठून, हे कोणी विचारीत नाही. उन्हाळ्यात यंत्र मंदावले की दोष प्रोसेसरला! वास्तविक शंभर अंशांच्या आसपास पोहोचताच तो बिचारा जीव वाचविण्यासाठी आपण होऊन वेग कमी करीत असतो.

मोठ्या कूलरची गरज मात्र खरी आहे. १९८९ सालचा इंटेलचा ४८६ पंख्यावाचूनही चालत असे. २०२३ सालचा त्याच कंपनीचा आय९-१४९००के हा प्रोसेसर पूर्ण जोरात २५३ वॉट वीज घेतो, म्हणजे शंभर वॉटच्या अडीच दिव्यांची उष्णता अंगठ्याच्या नखाहून किंचित मोठ्या तुकड्यात कोंडलेली. ती वाहून नेणारी युक्ती आमच्या विज्ञानाच्या पुस्तकातलीच आहे. कूलरच्या तांब्याच्या बंद नळ्यांत थोडेसे पाणी असते. प्रोसेसरपाशी त्याची वाफ होते, वर पत्र्यांपाशी वाफेचे पुन्हा पाणी होते, आणि ते नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून खाली परतते. घरच्या कूलरचे पाणी उडून जाते म्हणून टाकी भरावी लागते. येथे तेच पाणी वर्षानुवर्षे फेऱ्या घालते.

बसवण्याचे काम नाजूक आहे, पण अवघड नाही. बिदरचा कारागीर जस्त-तांब्याच्या काळ्या भांड्यावर चांदीची तार बसवतो, तेव्हा कोरलेल्या खाचेत ती फट न ठेवता ठोकतो. येथेही वैरी फटच. दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले तरी मध्ये हवा राहते, आणि हवा उष्णतेची फार मंद वाहक. ती जागा भरण्यापुरतीच पेस्ट लावावयाची. लोण्यासारखी थापल्याने लाभ नाही. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावे, म्हणजे दाब सारखा पडतो.

विकत घेण्यापूर्वी मात्र मोजपट्टी हवी. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा २०१४ सालचा एनएच-डी१५ हा कूलर पंख्यांसह १६५ मिलिमीटर उंच आणि १,३२० ग्रॅम वजनाचा आहे. पेटीत तेवढी जागा नसेल तर झाकण लागत नाही, आणि पुढचा पंखा रॅमच्या पट्ट्यांवर अडतो. एवढे ओझे मदरबोर्डच्या पाठीशी लावलेली पट्टी तोलून धरते. तरीही आमच्या खेड्यांच्या रस्त्यांवरून यंत्र न्यावयाचे असल्यास कूलर काढून ठेवावा, निदान पेटी अशी आडवी ठेवावी की कूलर सरळ उभा राहील.

हे सारे शाळेत, नववीच्या वर्गापुढे, मुलांच्या हातून व्हावे असे आमचे मत आहे. कित्येक शाळांत संगणक आच्छादनाखाली कुलूपबंद असतात, आणि वहन, अभिसरण, बाष्पीभवन हे शब्द फळ्यावरून वहीत उतरतात. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली उभ्या राहिलेल्या 'परम ब्रह्म' महासंगणकात द्रव फिरवून उष्णता थेट प्रोसेसरपासून काढून नेतात. तेथे काम करणारे अभियंतेही कोठेतरी, कोणत्यातरी शाळेतच हेच धडे शिकले असतील.

यंत्र बिघडेल, ही मुख्याध्यापकांची भीती अगदीच निराधार नाही. तर मग मोडीत निघालेल्या एखाद्या संगणकापासून आरंभ करावा. त्याची पेस्ट बहुधा खडूसारखी वाळलेली सापडेल आणि पंख्यावर धुळीचा थर असेल. प्रथम खोलीचे व प्रोसेसरचे तापमान टिपावे, मग वीज बंद करून धूळ झाडावी, जुनी पेस्ट पुसून नवी लावावी, आणि पुन्हा टिपावे. दोन तासिका पुरतात. फक्त हे मार्चच्या अखेरीस करावे, थंडीत नव्हे.