प्रोजेक्ट विकत घेऊ नका

पेडणे-डिचोलीतल्या ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या किंवा बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्या घरांना एक विनंती आहे. प्रोजेक्ट विकत घेऊ नका. हा बाजार देशभर उघड चालतो. पैसे भरले की प्रोग्राम, बाइंडिंग केलेला रिपोर्ट आणि वायव्हाची उत्तरेसुद्धा हातात. आईवडिलांना वाटते, परीक्षेची फी भरतो तशीच ही एक फी. पण एवढ्या वर्षांत मुलांच्या हाती सबंध काम येते ते बहुधा याच वेळी, आणि तेच आपण पैसे मोजून दुसऱ्याला देऊन टाकतो.

प्रोग्राम लिहिता येणे वेगळे आणि लोकांनी विसंबून राहावे असे सॉफ्टवेअर चौघांनी मिळून उभे करणे वेगळे. फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ साली सुरू झाले. पुढच्याच वर्षी जर्मनीत गार्मिश इथे 'नाटो'च्या परिषदेत जाणकार मंडळी याच दुखण्यावर चर्चा करत होती: काम वेळेत होत नाही, खर्च आवरत नाही, चुका संपत नाहीत. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हे नाव रूढ झाले ते तिथून. १९७५ मध्ये फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएममधल्या अनुभवावरून लिहिले की, रखडलेल्या कामावर आणखी माणसे लावली तर ते आणखीच रखडते. पेपरात हे पाठ करून लिहिता येते. पटायला मात्र स्वतःचे काम एकदा रखडावे लागते.

विषय शोधायला लांब जायला नको. जवळची दूध सोसायटी बघा. सकाळ-संध्याकाळ दूध येते, फॅट बघून दर लागतो, ठरलेल्या दिवशी हिशेब होतो. सोपे वाटते. आता सेक्रेटरीपाशी तासभर बसा. महिन्याच्या मध्येच दर बदलला तर? एकाच नावाचे दोन सभासद असले तर? नोंद करता करता वीज गेली, तर ते दूध जमा धरायचे की नाही? चुकीची नोंद पुसायचा अधिकार कोणाला? सॉफ्टवेअरचे निम्मे शिक्षण या प्रश्नांत आहे. जावा की पायथन, हा वाद नंतरचा. मराठी शाळेतून आलेल्या मुलांना इंग्रजीचा धसका असतो, पण सोसायटीच्या बाकावर बसून माणसांना बोलते करायचे, तिथे तीच पुढे असतात.

प्राध्यापकांनीही एवढे करावे. गिट हे साधन लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये बनवले, ते फुकट आहे. कोणी, कधी, काय बदलले ते त्यात दिसते. ती नोंद दर आठवड्याला बघा आणि तिला गुण द्या. आदल्या वर्षीचा चांगला प्रोजेक्ट नव्या बॅचला पुढे न्यायला द्या. नोकरीत बहुतेक वेळ दुसऱ्याचा कोड वाचण्यातच जातो. चॅटजीपीटीची मदत घेतली म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. समोर बसवून एक नियम बदलायला सांगा, कोणाला किती कळले ते लगेच दिसेल.

आईवडिलांना कॉम्प्युटर कळायची गरज नाही. मधूनमधून एवढेच विचारा: ज्यांच्यासाठी करतोस त्यांनी वापरून पाहिले का? काय तक्रार केली? उत्तर आले नाही, तर पाकीट काढू नका. सेक्रेटरींशी ओळख करून द्या.