तणसाला काडी लावण्याआधी

भंडारा जिल्ह्यातील धान उत्पादक, पशुपालक आणि ग्रामपंचायतींना आवाहन

धान निघालं की हल्ली बांध्याबांध्यांतून धूर उठतो. मजूर मिळेनासे झाले, हार्वेस्टर आले आणि कडपा, पुंजणं, मळणी हा जुना क्रमच मोडला. मळणी खळ्यावर व्हायची तेव्हा तणस आपोआप एका जागी पडायचं आणि बंडीत भरून कोठ्याशेजारी रचलं जायचं. हार्वेस्टर तेच तणस बांधीभर सांडून पुढे निघून जातो. ते गोळा करायला माणूस नाही, म्हणून काडी लागते. जमीनमालकाला हा हिशेब सोपा वाटतो. पण ज्याच्या दावणीला दोन-तीन गुरं आहेत आणि नावावर शेत नाही, त्याची वर्षभराची वैरण त्या धुरात जाते. पश्चिम विदर्भातल्या पशुपालकाला ज्वारीचा कडबा असतो, सोयाबीनचं कुटार असतं. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत सुका चारा म्हणजे मुख्यतः तणसच. क्विंटलभर धानामागे साधारण तेवढंच, बरेचदा जास्तच तणस निघतं. ते जाळायचं आणि चैत्र-वैशाखात चारा महाग झाला म्हणून दुधाचा धंदा परवडत नाही असं म्हणायचं, हे जुळत नाही.

पंजाबातही जाळतात, असं कोणी म्हणेल. तिथे धानानंतर लगेच गहू पेरायची घाई असते, आणि गुरांना गव्हाचा भुसा मिळत असल्याने धानाच्या पेंढ्याला फारसं कोणी विचारत नाही. आपल्याकडे गुरं पिढ्यान्‌पिढ्या तणसावर जगली. खरिपानंतर बऱ्याच बांध्यांत एक तर लाखोळी असते, नाही तर जमीन मोकळी असते. घाई खरी असते ती उन्हाळी धानाची. ते काढेपर्यंत पाऊस तोंडावर येतो. तिथली अडचण मान्य. पण दिवाळीच्या सुमाराला पेटणाऱ्या काडीला ती सबब लागू होत नाही.

तणसात दम नाही, नुसत्या तणसावर जनावर पोसत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के असतात आणि सिलिका जास्त, त्यामुळे ते नीट पचत नाही. त्यावर उपाय आहे आणि तो घरी करता येतो. 100 किलो कोरड्या तणसासाठी 4 किलो युरिया 50 ते 60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचा, थराथराने शिंपडून तणस तुडवायचं, ताडपत्रीने हवाबंद झाकायचं आणि 21 दिवस उघडायचं नाही. उघडल्यावर उग्र वास उडेपर्यंत पसरून ठेवायचं आणि मगच, सुरुवातीला थोडं थोडं, दावणीत टाकायचं. यामुळे प्रथिनांचं प्रमाण सुमारे दुप्पट होतं आणि तणस मऊ पडतं. सहा महिन्यांखालच्या वासरांना ते देऊ नये आणि युरियाचं पाणी गुरांच्या तोंडाला लागू देऊ नये. त्यात जीव जातो. भिजून बुरशी धरलेलं तणसही चारू नये. त्याने म्हशींचे कान, शेपटी आणि खूर सडतात. दुभत्या जनावराला जोडीला हिरवा चारा, ढेप आणि खनिज मिश्रण लागणारच. तणस पोट भरतं. दूध एकट्याच्या जोरावर वाढवत नाही.

राख खत होते, हाही एक समज. पालाश राहतं, पण नत्र जवळपास सगळं हवेत जातं. वरच्या थरातले जीव भाजतात आणि धुऱ्यावरचे पळस, मोह होरपळतात ते वेगळंच. तेच तणस गुरांच्या पोटातून शेणखत होऊन बांधीत परत येतं.

राहिला गोळा करण्याचा खर्च. तणसाचे गठ्ठे बांधणारा बेलर एकट्याला परवडत नाही, हे उघड आहे. पण दूध संस्था, बचत गट किंवा शेतकरी गटाने तो भाड्याने आणला आणि लागून असलेल्या बांध्यांवर एकदमच फिरवला, तर गठ्ठ्यांच्या विक्रीतून भाडं निघू शकतं. ग्रामपंचायतींनी कापणीआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि गठ्ठे रचायला उंचावरची कोरडी जागा ठरवून द्यावी. हेही जमत नसेल तर शेतकऱ्यांनी निदान एवढं करावं: काडी लावण्याच्या आठ दिवस आधी गावात दवंडी द्यावी, व्हॉट्सॲपवर कळवावं. ज्याच्या कोठ्यात गुरं आहेत तो येऊन तणस उचलून नेईल आणि तुमची बांधीही मोकळी होईल.